विंचू ठेवावा कीं विकावा?

२०२५ सालच्या भाद्रपदांतली गोष्ट. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन झालें होतें. मखर काढल्यामुळें दिवाणखान्याचा कोपरा उघडा पडला होता, आणि उरलेल्या सारणाच्या वड्या कराव्यात कीं पोळ्या, या प्रश्नावर आमच्या हिंजवडीच्या घरांत गंभीर चर्चा चालू होती. इतक्यांत माझ्या खिशांतला दूरध्वनि वाजला. मिस्त्र्यानें माझ्या मोटारीच्या दुरुस्तीचा अंदाज पाठविला होता.

आमच्या घरीं जमाखर्चाची वही वहिनींकडे असते. दादा आणि मी संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरी करतों, आमची सौ. शाळेंत शिकविते, पण मिळविणारे कोणीही असोत, पैसा घरांत शिरला कीं त्याचा मार्ग वहिनींच्या वहींतूनच जातो. तेव्हां रिवाजाप्रमाणें तो अंदाज मीं त्यांच्यापुढें धरला. त्यांनीं चष्मा सारखा केला आणि मोठ्यानें वाचलें : टर्बो, क्लच, टायमिंगचा पट्टा, पुढच्या चाकांचे बुश, मजुरी, एकूण १,३६,००० रुपये.

"आणि आज आहे तशी विकली तर?" दादानें वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां विचारलें.

"दलाल १,६०,००० देतों म्हणतो."

"चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!" वहिनी म्हणाल्या, आणि घरांतून गणपति कालच गेल्याचें आठवून, "म्हण आहे हो ती नुसती," अशी पुस्ती त्यांनीं लगेच जोडली.

आंतून आई म्हणाली, "पण ती महागणपतीच्या गांवची ना रे? तिला कशाला विकायची?"

आईच्या या बोलण्याचा उलगडा केला पाहिजे. माझी मोटार म्हणजे फियाटची 'अबार्थ पुंटो'. नांव परदेशीं असलें तरी तिचा जन्म शिरूर तालुक्यांतल्या रांजणगांवच्या कारखान्यांत झालेला; आणि रांजणगांव म्हटलें कीं आईच्या डोळ्यांपुढें अष्टविनायकांपैकीं महागणपति उभा राहतो. २०१९ सालीं मीं ही तीन वर्षें वापरलेली गाडी पांच लाख पंचवीस हजारांना घेतली, तेव्हां "तेवढ्याच पैशांत कोरी करकरीत गाडी आली असती," असें घरांतल्या प्रत्येकानें मला ऐकविलें. आईनें मात्र गांवाचें नांव ऐकतांच तिच्यावर हळदकुंकूं वाहिलें आणि वाद मिटविला.

बाहेरून पाहिली तर ती एक साधी लहान गाडी. पण तिच्या नाकावर विंचवाचें चिन्ह आहे. कार्ल अबार्थ हा गृहस्थ १९०८ सालच्या नोव्हेंबरांत व्हिएन्ना येथें जन्मला. पाश्चात्य पद्धतीप्रमाणें त्याची रास वृश्चिक. म्हणून १९४९ मध्यें इटलींत त्यानें स्वतःची कंपनी काढली तेव्हां विंचू हीच तिची मुद्रा ठरली. चारचौघांसारख्या फियाट गाड्या घ्याव्यात आणि त्यांच्यांत शर्यतीचें बळ भरावें, हा त्याचा उद्योग. १९७१ मध्यें ती कंपनी फियाटच्याच घरांत आली. ऑक्टोबर २०१५ मध्यें रांजणगांवची अबार्थ पुंटो बाजारांत आली, तेव्हां तिची किंमत दहा लाखांच्या किंचित् आंत होती. इंजिन अवघें १३६८ घन सेंटिमीटरचें. पण टर्बोच्या जोरावर शक्ति १४५ घोड्यांची, चारी चाकांना डिस्क ब्रेक, आणि उभ्या जागेवरून ताशीं शंभर किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत गांठण्याचा कंपनीचा दावा. घरांतल्या मुलांनीं पहिल्याच दिवशीं तिचें नांव 'विंचू' ठेवलें आणि तेंच रूढ झालें.

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर असतें म्हणतात. माझ्या विंचवानें आपलें बिऱ्हाड हिंजवडीच्या शिवाजी चौकांत थाटलें होतें, असें म्हणायला हरकत नाहीं. इतका त्याचा काळ तेथें उभें राहण्यांत गेला. संध्याकाळीं राजीव गांधी इन्फोटेक पार्कांतल्या कचेऱ्या सुटल्या, कीं तेथून वाकडच्या पुलापर्यंतचें चार पावलांचें अंतर ओलांडण्यास तास लागतो. मेट्रोचे खांब रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, त्यांनीं आमच्या धीराची आणखीच परीक्षा पाहिली. चैत्री पौर्णिमेला याच भागांतून म्हातोबाचें बगाड निघतें. त्या यात्रेंतल्या बैलांचा वेग आणि माझ्या १४५ घोड्यांचा वेग यांची तुलना करण्याचें धाडस मीं कधीं केलें नाहीं. घोडे लाजले असते.

मग अशी गाडी घेतली कशाला? याचें उत्तर रविवारीं पहांटे मिळत असे. पांच वाजतां घर निजलेलें असतांना मी हलकेंच दार ओढून घेई आणि पौडमार्गें मुळशीकडे निघें. धरणाचें पाणी उजाडतांना शिशासारखें दिसतें. पुढें ताम्हिणी घाटाचीं वळणें सुरू झालीं, कीं सहा दिवस मान खालीं घालून चाललेली ती गाडी एकदम मोकळी होई. उजव्या पायाच्या बोटाखालीं किंचित् दाब वाढवावा आणि तिनें पाठीला आसनांत रेटावें. वळणावर सुकाणूं हातांत ताठ उभें राहावें. वेग मर्यादेबाहेर न जातांही वेगाचा आनंद घेतां येतो, हें मला त्या घाटानें शिकविलें. घाटमाथ्यावर टपरीशीं गाडी उभी करावी, गरम कांदाभजीं खावींत, आणि आठ वाजण्याच्या आंत घरीं परत येऊन चहाच्या वेळीं सभ्य माणसासारखें बसावें. वर्षांतून असे वीस-पंचवीस रविवार. तो आनंद खोटा नव्हता. आणि या लेखांत पुढें मी जो हिशेब मांडणार आहें, त्यांत त्याला शून्य किंमत देऊन मी लबाडी करणार नाहीं.

या आनंदांतच दुखण्याचें मूळ होतें, हें मात्र मिस्त्र्यानें सांगेपर्यंत मला कळलें नाहीं. अंदाज हातांत पडल्यावर दुसऱ्या दिवशीं मी त्याच्याकडे गेलों. त्यानें टर्बो काढून फडक्यावर ठेवला होता. एका हाताच्या तळव्यांत मावेल एवढी त्याची आंतली चाकें. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूनें एक चाक फिरतें; त्याच दांड्यावरचें दुसरें चाक बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. ही युक्ति आल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या स्विस एंजिनिअरनें १९०५ मध्यें स्वतःच्या नांवावर नोंदविली. तो लहानसा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत राहतो. मिस्त्र्यानें मला विचारलें, "साहेब, घाट चढून वर गेलांत कीं गाडी कशी बंद करतां?"

"किल्ली फिरवून."

"लगेच?"

"लगेच. भजीं गार होतात."

तो हंसला. घाट चढून आलेला टर्बो निखाऱ्यासारखा तापलेला असतो. त्याच क्षणीं इंजिन बंद केलें तर तेलाचा प्रवाह थांबतो, आणि आंत उरलेलें तेल जळून त्याची काजळी धरते. मिनिटभर इंजिन नुसतें चालू ठेवलें असतें तर तेलानें ती उष्णता वाहून नेली असती. सहा वर्षें माझें लक्ष भज्यांच्या तेलाकडे होतें. इंजिनच्या तेलाकडे नव्हतें. क्लचची गोष्ट तशीच. वाकडच्या रांगेंत दर वेळीं गियर काढण्याचा कंटाळा करून मी क्लचवर अर्धा पाय ठेवून बसें. पट्टी झिजली ती त्या पायानें. तेव्हां गाडीला बोल लावण्याची सोय राहिली नाहीं. दोष माझ्या पायाचा आणि जिभेचा होता.

सुट्या भागांचाही प्रश्न होता. १ एप्रिल २०२० पासून भारत-सहा हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यापूर्वींच पुंटोचें उत्पादन बंद झालें होतें. पुंटोचें डिझेल इंजिन पुष्कळ भाग्यवान्, तेंच १.३ लिटरचें मल्टिजेट इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्यें आणि टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्येंही बसलेलें, म्हणून त्याला नातेवाईक फार. माझें टर्बो-पेट्रोल इंजिन मात्र मोजक्याच गाड्यांत बसलें. त्याचा एखादा भाग हवा असला तर कोणाकडे शिल्लक आहे याचा शोध घ्यावा लागतो. मग कधीं आठवडा जातो, कधीं महिना.

निर्णय ताबडतोब घ्यावा, असें दादाचें मत पडलें. पण दुसऱ्याच दिवसापासून पितृपंधरवडा लागला होता. "या पंधरा दिवसांत देणें-घेणें कांहीं ठरवायचें नाहीं," असें आईनें सांगितलें आणि विषय तात्पुरता मिटला. सौ. म्हणाली, "तुमच्या आणि गाडीच्या मध्यें मी पडत नाहीं." पुतणी मात्र, "काका, विंचू विकूं नकोस हं!" असें जातां येतां बजावीत होती. मला पंधरा दिवसांची सवड मिळाली, आणि ती सत्कारणीं लावावी म्हणून मीं वहिनींकडून २०१९ पासूनच्या साऱ्या वह्या मागून घेतल्या. गाडीवर आजवर किती पैसा गेला याची एकदां बेरीज करावी, आणि ती सांगून स्वतःला भिववावें, असा बेत होता.

बेरीज २,८४,००० निघाली. पेट्रोल आणि विमा सोडून, नुसत्या दुरुस्तीची. परंतु मी थबकलों तो त्या आंकड्यापाशीं नव्हे. मोठी दुरुस्ती निघाली कीं त्या महिन्यांत मी घरखर्चासाठीं नेहमींपेक्षां कमी पैसे देत असें; "पुढच्या महिन्यांत भरून काढतों," असें म्हणें, आणि पुढचा महिना आपल्याबरोबर स्वतःचे खर्च घेऊनच येई. मार्च २०२३ च्या पानावर वहिनींच्या बारीक अक्षरांत नोंद होती : 'भावोजी – २०,००० कमी (गाडी).' आणि त्याच पानाच्या तळाशीं : 'दाढ – पुढें.' मीं पान उलटलें. नोव्हेंबर २०२३ : 'भावोजी – १५,००० कमी (गाडी). दाढ – पुढें.' जून २०२४. जानेवारी २०२५. प्रत्येक ठिकाणीं तेंच. चार वेळां माझा विंचू गॅरेजमध्यें गेला होता, आणि चार वेळां वहिनींची दाढ पुढें गेली होती.

वहिनी गेलीं दोन वर्षें एकाच बाजूनें जेवतात, हें मीं पाहिलें होतें. पाहिलें होतें म्हणजे डोळ्यांना दिसलें होतें. भाकरी त्या आमटींत कुसकरून घेत. सुपारी सोडली तेव्हां, "बरें झालें, वाईट संवय गेली," असें आम्हीं त्यांचें कौतुकही केलें होतें!

मीं सौ.ला विचारलें. ती म्हणाली, "मला ठाऊक होतें. पण सांगायचें नाहीं म्हणून त्यांनीं शपथ घातली होती." मग मी वही घेऊन स्वयंपाकघरांत गेलों. वहिनी डाळ निवडीत होत्या.

"वहिनी, हें काय आहे?"

त्यांनीं पान पाहिलें आणि पुन्हां ताटाकडे वळल्या. "अहो, दाढ कांहीं रोज दुखत नाहीं. तुमची गाडी मात्र मधेंच रस्त्यांत बंद पडायची. एकटे असतां तुम्ही घाटांत. आम्हांला काळजी वाटते. जें आधीं हवें तें आधीं."

गाडीचा राग त्यांना नव्हता. त्यांनीं माझ्या जिवाची काळजी पुढें ठेवली होती आणि स्वतःचें दुखणें मागें. यावर मी काय बोलणार? मीं एवढेंच म्हटलें कीं उद्यां सकाळीं दहा वाजतां आपल्याला दंतवैद्याकडे जायचें आहे. आणि पितृपंधरवड्यांत दाढ दाखवूं नये असें कोणत्याही पोथींत नाहीं, अशी आईची संमति आधींच मिळविली. दोन दाढांच्या मुळांचे उपचार आणि त्यांवर टोपणें. सारा खर्च मिस्त्र्याच्या अंदाजाच्या पंचमांशाहूनही कमी निघाला.

त्या रात्रीं मी पुन्हां हिशेब मांडला. पण आतां निराळ्या रीतीनें. जुन्या वस्तूपुढें माणूस बसला कीं तो मागचा खर्च आठवीत बसतो. "आतांपर्यंत २,८४,००० घातले, आतां काय सोडायची?" हा विचार मनांत येतोच. परंतु गाडी ठेवली काय किंवा विकली काय, ते पैसे परत येणार नाहींत; म्हणजे निर्णयाच्या कागदावर त्यांना जागा नाहीं. जागा आहे ती पुढच्या आंकड्यांना. दुरुस्त केली तर गाडीला फार तर २,६०,००० येतील, असें दोघांनीं सांगितलें होतें. म्हणजे १,३६,००० घालून किंमत वाढणार लाखानें. ठेवली तर पुढें काय? रबरी नळ्या जुन्या झालेल्या. पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण २०२५ मध्यें २० टक्क्यांवर आलें. आपल्याच कोल्हापूर-सांगलीच्या उसाचा त्याला हातभार आहे, तेव्हां तक्रार कोणत्या तोंडानें करावी? पण माझी गाडी त्याच्या आधींच्या काळांतली, आणि कांहीं जुन्या गाड्यांचे रबरी भाग लवकर बदलावे लागतील हें सरकारनेंही मान्य केलेलें. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. तिचीं सहा वर्षें उरलेलीं. तेवढा काळ दर वर्षीं चाळीस-पन्नास हजार बाजूस ठेवावे लागणार, हें दिसत होतें. त्या पैशांत वीस-पंचवीस रविवार मिळतात. एका रविवारचे दोन हजार.

दोन हजारांना ती पहांट महाग होती कां? एकटा असतों तर मी नाहीं म्हटलें असतें. माझ्या कांहीं मित्रांचे शौक याहून महाग आहेत. परंतु त्या रविवारचे दोन हजार एकट्या माझ्या खिशांतून जात नव्हते, हें वहीनें दाखविलें होतें. एकत्र घरांत पैसा एकाच रांजणांत असतो. एका बाजूनें कोणी तांब्या बुडविला कीं पाण्याची पातळी सगळीकडे सारखीच उतरते. फक्त बुडविणाऱ्याला ती दिसत नाहीं, कारण त्याचा तांब्या भरलेला असतो. म्हणून जुनी वस्तु दुरुस्त करावी कीं विकावी, असा प्रश्न ज्यांच्यापुढें येईल, त्या वाचकांना मी एवढेंच सुचवीन : दुरुस्तीला किती पैसे पडतील हें तर विचाराच; पण ही दुरुस्ती झाली म्हणजे घरांतली दुसरी कोणती दुरुस्ती थांबते, हेंही विचारा. आणि तें स्वतःला न विचारतां वही लिहिणाऱ्याला विचारा.

विकण्याचा निर्णय झाला. पण गोष्ट येथें संपली नाहीं. मी दलालाला टर्बोची सगळी हकीकत सांगितली. कारण १,६०,००० चा त्याचा आंकडा ती न ऐकतां दिलेला होता. तो म्हणाला, "साहेब, हें बोलायचें कशाला? इंजिनांत जाड तेल घाला. आठ दिवस धूर दिसणार नाहीं. घटस्थापनेपासून लहान नव्या गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर येतोय. जुन्यांचे भाव पडतील. त्याआधीं गिऱ्हाईक आणतों. दोन लाखांच्या वर मिळवून देतों."

मीं विचार करून सांगतों म्हटलें. खरें सांगायचें तर मीं विचार केला. दोन लाख म्हणजे वहिनींच्या दाढा, पुतणीच्या कॉलेजचा एक हप्ता, आणि वर उरले असते. घरासाठींच तर विकायची. मग चार पैसे जास्त आले तर बिघडलें काय? मोहाला नेहमीं घरच्यांचें नांव घेऊन येण्याची संवय असते.

दोन दिवसांनीं वडिलांची तिथि होती. पान वाढून झाल्यावर कावळ्याची वाट पाहत गच्चीवर उभे असतां दादानें सहज विषय काढला, "आज अण्णांची फियाट आठवते."

अण्णांनीं १९८४ मध्यें एका डॉक्टरांकडून जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली; पुढें मुंबईला कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यांत फियाटच्या परवान्यावर बनलेली ही गाडी मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनीं पाहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकीं शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली, तेव्हां कित्येकांना घरचें माणूस गेल्यासारखें वाटलें. आमच्या पद्मिनीचा गियर सुकाणूंशेजारीं होता, आणि थंडीच्या सकाळीं चोक ओढल्याशिवाय ती जागी होत नसे. मी फियाटच कां घेतली, याचें खरें कारण हेंच. २०१७ मध्यें अण्णा गेले. दोन वर्षांनीं बाजारांत तें नांव दिसलें आणि माझा हात पुढें गेला.

१९९७ मध्यें अण्णांनीं पद्मिनी विकायला काढली. सासवडहून एक गृहस्थ आले. अण्णांनीं त्यांना चहा दिला आणि त्यांचा चहा संपण्याच्या आंत गाडीचे सारे दोष वाचून दाखविले : दुसऱ्या गियरला आवाज आहे, पावसांत डाव्या दारांतून पाणी येतें, रेडिएटर गळतो, दिवे घाट चढतांना पाण्याचा कॅन जवळ ठेवा. गृहस्थांनीं तेथल्या तेथें दोन हजार कमी केले. ते गेल्यावर आई रागावली. अण्णा म्हणाले, "ते दोन हजार आपले नव्हतेच."

दादानें ही गोष्ट सांगितली तेव्हां त्याला दलालाचा सल्ला ठाऊक नव्हता. कावळा आला, पानाला शिवला आणि उडून गेला. मी खालीं उतरलों आणि दलालाला नकार कळविला.

नवरात्रांत मीं स्वतःच जाहिरात दिली. तींत गाडीचे गुण तीन ओळींत आणि दोष दहा ओळींत होते. पुष्कळांनीं चौकशी केली. दोष वाचून बहुतेक गप्प झाले. सातव्या माळेला भोसरीच्या औद्योगिक वसाहतींतल्या एका कारखान्यांत हत्यारें घडविणारा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण आला. त्यानें गाडीभोवती चक्कर मारली नाहीं. सरळ खालीं वाकून पाहिलें. मीं दहा दोषांचा कागद त्याच्या हातांत दिला. त्यानें तो वाचला आणि अकरावा दोष मला दाखविला : मागच्या नळीचा एक टांका सुटला होता.

"टर्बोचें काय करणार?" मीं विचारलें.

"आंतला भाग मिळाला कीं मीच बसवीन. रविवारीं वेळ असतो मला."

व्यवहार १,४५,००० ला ठरला. आईला आंकडा सांगितला. "दलाल तर १,६०,००० देत होता ना?" तिनें विचारलें. मीं कारण सांगितलें. अठ्ठावीस वर्षांपूर्वीं दोन हजारांसाठीं रागावलेली माझी आई क्षणभर गप्प राहिली, आणि म्हणाली, "मग ते वरचे पंधरा आपले नव्हतेच रे."

तो तरुण गाडी घेऊन निघाला तेव्हां तिच्या आवाजानें फाटकावरचीं कबुतरें उडालीं. पुतणी रडली. मला रडूं आलें नाहीं, पण त्या रात्रीं दाराजवळच्या खुंटीकडे माझा हात दोनदां गेला. तिच्यावरची किल्ली सहा वर्षें तेथें होती. तरी एक गोष्ट मनाला पटली होती. माझ्या हातांत ती गाडी म्हणजे दर वेळीं येणारें बिल होतें; त्याच्या हातांत ती रविवारचें काम झाली. जुनें यंत्र ठेवण्याचा अधिकार ज्याचे हात त्याला खालून ओळखतात त्याला आहे, किंवा ज्याच्या पैशाला दुसरें कोणी वाट पाहत नाहीं त्याला. माझ्यापाशीं दोन्ही नव्हते. होती ती आवड. आवड पुरेशी असते असें मीं इतके दिवस धरून चाललों होतों.

दिवाळीच्या आधीं चकल्या झाल्या. पहिला घाणा उतरला तेव्हां मी स्वयंपाकघराच्या दारांत उभा होतों. वहिनींनीं एक चकली उचलली, किंचित् फुंकली, आणि दोन वर्षें रिकामी ठेवलेल्या बाजूनें तिचा तुकडा मोडला. तो कडकन् झालेला आवाज आम्हां सर्वांना ऐकूं आला.

"मोहन बेताचें पडलें आहे," त्या म्हणाल्या. दुसरें कांहीं बोलल्या नाहींत. वहींत त्या महिन्याच्या पानाच्या तळाशीं 'दाढ' हा शब्द होता आणि त्यापुढें एक लहानशी बरोबरची खूण होती. ती मीं नंतर पाहिली.

भाऊबीजेच्या दुपारीं मला एक निरोप आला. भोसरीच्या त्या तरुणानें घाटमाथ्यावरून गाडीचें चित्र पाठविलें होतें. खालीं लिहिलें होतें : 'टर्बो बसला. ताम्हिणी चढलों. वर आल्यावर एक मिनिट इंजिन चालू ठेवलें, मग बंद केलें. भजीं थोडीं गार झालीं.'

तो निरोप मीं सर्वांना वाचून दाखविला.